टिटवखोऱ्यात आधी कोण आलं

शहरातल्या उस्मानपुऱ्यात खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, नोकरी विचारली नाही, लग्न झालंय का, मटण खाता का, काही म्हणजे काही विचारलं नाही. दारातच उभं करून म्हणाले, "तुमच्या घरासमोर पाऊस पडला, तर ते पाणी शेवटी कुठल्या समुद्राला जातं?"

मी औषधकंपनीचा प्रतिनिधी. दिवसभर डॉक्टरांच्या दारात ताटकळणारा माणूस, त्यामुळं अपमानाची सवय होती. पण समुद्राचा प्रश्न नवीन होता. मी खरं तेच सांगितलं, "आमच्या घरासमोरून पाणी जातच नाही. तुंबतं."

"तुंबून तुंबून जाईल कुठं! गाव कुठलं?"

"लातूरकडचं."

"म्हणजे मांजरा. मांजरा गोदावरीला. गोदावरी बंगालच्या उपसागराला. या आत. चपला तिकडं काढा."

अशी मला खोली मिळाली. माझ्या आधी एक जळगावचा मुलगा येऊन गेला होता. गोरागोमटा, पगारदार, निर्व्यसनी. त्याला नाही म्हणून सांगितलं, कारण अजिंठ्याचा घाट उतरला की पाणी तापीला मिळतं आणि तापी पश्चिमेला पळते. "उलट्या नदीचं पाणी प्यायलेला माणूस," घरमालक, म्हणजे आमचे सर, मला म्हणाले, "त्याच्या डोक्याचा उतारच वेगळा. भाडं वेळेवर देईल, पण पटायचं नाही." हे ते बोलत असताना त्यांच्या बायको, म्हणजे काकू, चहा घेऊन आल्या. काकू भुसावळच्या. "उतार वेगळा आहे म्हणूनच टिकले या घरात," असं म्हणून त्यांनी कप ठेवला आणि आत गेल्या.

सर निवृत्त शिक्षक. शाळेत त्यांना भूगोलाबरोबर इतिहासही शिकवावा लागे, पण तो त्यांनी कधी मनापासून शिकवला नाही. इतिहास हा भूगोलाचा भाडेकरू आहे असं त्यांचं मत. भाडेकरू येतात, भिंतीला खिळे ठोकतात, भांडतात, जातात. घर जागच्या जागी राहतं. हे ऐकवताना ते माझ्या खोलीतल्या खिळ्यांकडं बघत.

त्यांच्याबरोबर चालायला जाणं म्हणजे परीक्षा असे. छावणीत कुठल्याशा बेकरीतली खारी त्यांना आवडायची, तिच्यासाठी आम्ही रविवारी सकाळी निघायचो. खाम नदीचा पूल आला की सर थांबत. पुलाखाली प्लास्टिकच्या पिशव्या, फेस आणि दोन म्हशी. सर मात्र टोपी काढून म्हणत, "आता आपण पश्चिम तीरावर प्रवेश करतोय." परत येताना पुन्हा टोपी, पुन्हा पूर्व तीर. रहदारी मागं खोळंबलेली. एक रिक्षावाला एकदा ओरडला, "चाचा, तीर गया भाड में, गाड़ी निकलने दो!" सर त्याला म्हणाले, "आप किस खोरे के हो?" रिक्षावाला इतका गोंधळला की त्यानं शिवी गिळली आणि बाजूनं निघून गेला.

कुणाच्याही घरी गेले की सर फरशीवर थोडं पाणी सांडत आणि ते कुठं जातंय ते बघत बसत. चुकून सांडल्याचं नाटक करत, पण ते नाटक त्यांना जमत नसे. माझ्यासाठी सिल्लोडला मुलगी बघायला गेलो, तेव्हा वडीलधारं कुणी सोबत हवं म्हणून मी त्यांना नेलं. नेऊ नये ते नेलं. पोहे आले, मुलगी आली, आणि सरांनी तांब्या कलंडला. पाणी सरळ उंबऱ्याकडं गेलं. सर मुलीच्या वडिलांना म्हणाले, "घर झकास आहे. फक्त या घरातलं काही आत राहायचं नाही, सगळं बाहेर जाईल." त्यांना म्हणायचं होतं पावसाचं पाणी. मुलीच्या वडिलांना वाटलं, आम्ही नकार देतोय. येताना पूर्ण रस्ताभर मी त्यांच्याशी बोललो नाही, आणि फुलंब्री येईपर्यंत त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पण सरांचा खरा जीव अडकला होता तो टिटवखोऱ्यात.

सिल्लोडच्या पुढं मुख्य रस्ता सोडून एक फाटा डोंगरात शिरतो. तिथं तिन्ही बाजूंनी डोंगर, मधून एक ओढा, वरच्या अंगाला वरची वाडी, खालच्या अंगाला खालची वाडी, आणि दोन्हींच्या मधोमध एक मारुती. एवढंच टिटवखोरं. वरच्या वाडीत धनगरांची घरं. शेळ्यामेंढ्या, थोडी शेती, बाकी मजुरी. खालच्या वाडीत कपाशी आणि मका करणारी घरं. आणि एके काळी खालच्या वाडीच्या टोकाला एकच घर भटाकारकुनाचं होतं, ते सरांच्या पूर्वजांचं. पूजा करायची आणि कुणाचं शेत कुठवर ते लिहून ठेवायचं, हा त्यांचा धंदा. सरांचे आजोबा ते सगळं सोडून शहरात आले आणि कचेरीत चिकटले. घराच्या जागेवर आता पाण्याची टाकी आहे. "टाकीसाठी नेमकी आमचीच जागा निवडली," सर अभिमानानं सांगत, "यात सगळं आलं."

खोऱ्याच्या वरच्या खिंडीत गेलं की एक मोठा दगड लागतो. त्याच्या अलीकडं पडलेलं पाणी पूर्णेतून गोदावरीला आणि पलीकडं पडलेलं तापीला. तिथं सर पाण्याची बाटली काढत, एक चूळ डावीकडं टाकत, एक उजवीकडं. "दोन समुद्रांना पाणी दिलं," म्हणत, आणि बाटली माझ्यापुढं करत. मीही टाकायचो. न टाकून सांगतो कुणाला!

आता भांडणाकडं येतो. पोळ्याला तिथं मारुतीपुढं आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. दोन्ही वाड्यांचे बैल सजवून आणतात, आणि खोऱ्यात जे घराणं सगळ्यात आधी येऊन वसलं, त्याची जोडी तोरणाखालून पहिली जाते. तो मान. सरांच्या आजोबांच्या काळापर्यंत तो सरांच्या घराण्याकडं होता. ते गेल्यावर वरच्या वाडीच्या भिवाआबांच्या घराण्यानं घेतला आणि दोन पिढ्या कुणी काही बोललं नाही. मग सर निवृत्त झाले.

निवृत्त झाल्यावरच्या पहिल्याच पोळ्याला ते खोऱ्यात हजर. बैल कुठून आणणार? शहरात पोळ्याला आपण मातीच्या बैलांची जोडी आणून पूजा करतो, तीच जोडी ताटात घेऊन, वर रेशमी रुमाल झाकून, सर तोरणाखाली सगळ्यांच्या पुढं जाऊन उभे राहिले. मागं भिवाआबांचे दोन खिल्लारी बैल फुरफुरत उभे. आबा म्हणाले, "मास्तर, बाजूला व्हा. बैल शिंग लावंल."

"मान आमचा आहे," सर म्हणाले.

"बैल मातीचा आन् मान खरा? असं कुठं आस्तंय व्हय?"

खालच्या वाडीला हे आयतंच मिळालं. वरच्या वाडीकडं मान असणं त्यांना कधी आवडलं नव्हतं. मास्तरांचं घर आपल्या वाडीतलं, म्हणजे मान आपला, असा हिशोब करून त्यांनी पुढच्या वर्षी वेगळं तोरण बांधलं. तेव्हापासून एका मारुतीपुढं दोन तोरणं, दोन पोळे, दोन डफडी एकमेकांवर बडवलेली. वरच्या वाडीची जावई झालेली पोरं खालच्या वाडीत सासऱ्याच्या पोळ्याला जाईनात. मारुतीचा चेहरासुद्धा मला अवघडल्यासारखा दिसायचा. आणि खालच्या वाडीच्या तोरणाखालून सगळ्यात पुढं, ताट घेऊन, आमचे सर.

यावर सरांचा सिद्धांत होता, तो त्यांनी मला बसस्टँडवर समजावून सांगितला. सिल्लोडची एसटी फलाटाला लागत होती. माणसं खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या टाकत होती, एकानं तर लहान पोरगंच आत टाकलं. सर म्हणाले, "बघा, हा इतिहास. जो आधी आला त्यानं रुमाल टाकला. सीट त्याची. मग तो वर चढो, उसाचा रस प्यायला जावो, सीट त्याचीच राहते. आमच्या पूर्वजांनी टिटवखोऱ्यात रुमाल टाकलेला आहे."

हा सिद्धांत त्यांनी भिवाआबांनाही ऐकवला. आबा ओट्यावर तंबाखू मळत होते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चिमूट गालात ठेवली आणि म्हणाले, "व्हय मास्तर. पर तुमी रुमाल टाकून मुतायला गेलाव, ते तीन पिढ्या आलाच नाय. तवर गाडी उभी ठिवायची का?"

मी तोंड फिरवून हसलो. सर आठवडाभर घुश्शात होते.

मला सरांचा हा हट्ट सुरुवातीला नुसता हास्यास्पद वाटायचा. एकदा मी काकूंना विचारलं, की हे एवढं कशासाठी? शहरात घर आहे, पेन्शन आहे, विद्यार्थी रस्त्यात पाया पडतात. काकू लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "पहिल्यांदा गेले ना तिथं, तेव्हा फाट्यावर एका बाईनं विचारलं, कुणाकडं आलाव पाव्हणं? घरी येऊन जेवले नाहीत. जन्मभर जगाला विचारलं, तू कुठला, तू कुठला. यांना एवढंच ऐकायचंय, की तुम्ही इथले." मग लगेच म्हणाल्या, "पण बैल मातीचेच नेतात, हे मूर्खपणाचंच आहे. मी किती वेळा सांगितलं, लाकडाचे घ्या."

शेवटी दोन्ही वाड्या त्या भांडणाला कंटाळल्या. दोन पोळ्यांत पोलीस येऊन बसायला लागले होते आणि पोलिसांना पुरणपोळ्या लागत. मारुतीपुढं बैठक बसली. आधी कोण आलं, हे एकदा ठरवून टाका, असं सगळे म्हणाले. पण ठरवणार कोण? तर भिवाआबांनीच सरांचं नाव घेतलं. खालच्या वाडीला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. वरच्या वाडीची पोरं आबांवर भडकली, की ज्याचा दावा तोच न्यायाधीश? आबा म्हणाले, "मास्तर बोलतो लई. पर जमिनीबद्दल खोटं बोलत नाय. मी ऐकलंय त्याला. डोंगराबद्दल बोलताना त्याचा आवाज पोथी वाचल्यावानी व्हतो."

सरांनी कागदपत्रं मागवलीच नाहीत. कागद माणूस लिहितो, आणि आमच्या घराण्यानं काय काय लिहून ठेवलं असेल ते मला चांगलं ठाऊक आहे, असं म्हणाले. त्यांची रीत भूगोलाची होती. पहिला येणारा माणूस उत्तम जागा घेणार. मग दुसरा, त्याहून जरा कमी. शेवटी येणाऱ्याला उरलंसुरलं. तेव्हा खोऱ्यात सगळ्यात उत्तम जागा कुठली एवढं शोधायचं, आणि तेही भर उन्हाळ्यात, कारण पावसाळ्यात उकिरडासुद्धा हिरवा दिसतो. आता उत्तम जागा ओळखायची कशी? तर तिथं जाऊन बसायचं. वारा बघायचा, सावली बघायची, पाणी किती लांब ते बघायचं, आणि दुपारी झोप कशी लागते ते बघायचं. झोपेला सगळ्यात जास्त गुण.

मी म्हटलं, "सर, झोप?"

"दमून आलेला माणूस पहिल्यांदा काय करेल? सभा घेईल?"

माझा सिल्लोडचा दौरा असायचाच. त्यामुळं वैशाखातल्या त्या दुपारी डॉक्टरांना पाकिटं वाटून झाली की मी सरांना मोटारसायकलवर मागं बसवून खोऱ्यात न्यायचो. सरांच्या पाठीला बांधलेली एक घडीची आरामखुर्ची. वळणावर ती उघडायची. एकदा ती उघडली आणि वाऱ्यानं आम्ही दोघं रस्त्याच्या कडेच्या बाभळीत गेलो. बाभूळ कुठल्या खोऱ्यातली, हे सरांनी तिथंच सांगितलं.

खालच्या वाडीतल्या पहिल्या घरापुढं सर बसले तेव्हा त्यांना नुसता चहा मिळाला. झोप बेताची, गुण बेताचे. ही बातमी वाडीभर गेली. दुसऱ्या घरी पोहे आले. तिसऱ्या घरी पिठलं, भाकरी, ठेचा, वर ताक. चौथ्या घरात सकाळपासून पुरण शिजत होतं. अंगणात सडा मारलेला, खुर्चीखाली ओलं गोणपाट, डोक्यावर बांधलेली साडी. त्या घरच्या ज्या म्हाताऱ्याला उन्हातून उठून सावलीत बस असं कुणी कधी सांगितलं नव्हतं, तो म्हाताराही कौतुकानं बघत उभा. सर जेवले आणि घोरायला लागले. गुण भरपूर. मग पाचव्या घरानं कमाल केली. तिथं सर बसले आणि काय गार वारा! पश्चिमेकडून, एकसारखा, न थांबणारा. घरधनी म्हणाला, "आमच्या दारात कायम असंच आस्तंय. आज्यापासून." सर चकित. डोंगर पश्चिमेला, मग वारा येतो कुठून? ते हवेत बोट ओलं करून धरून बसले. तेवढ्यात लाईट गेली आणि पश्चिमेचा वारा थांबला. तुळशीवृंदावनामागं टेबलफॅन लावलेला होता.

सरांनी त्या घराचे गुण कापले, पण जेवणाचे कापले नाहीत.

वरच्या वाडीत भिवाआबांनी काहीही केलं नाही. आबांची बायको गयाआजी, ही सरांपेक्षा मोठी, वाळलेल्या शेंगेसारखी बाई; तिनं शेळीच्या दुधाचा चहा दिला आणि आपल्या कामाला लागली. सर बसले. उघड्या उतारावरचं घर, वारा उंडारलेला, पाणी लांब. त्यात एका शेळीनं खुर्चीचा पट्टा खाल्ला. सर अर्ध्या तासात उठले आणि म्हणाले, "झोप शून्य." आबा म्हणाले, "बरूबर हाये. मलाबी लागत नाय."

आणि मग टाकीखालची जागा. सरांची स्वतःची. त्या दिवशी सर कडक इस्त्रीचा सदरा घालून आले होते. खालची वाडी सगळी जमली, लहान पोरांना गप्प केलं, कोंबड्या कोंडल्या. सर टाकीखाली बसले, डोळे मिटले, आणि असे झोपले की काय सांगू. दुपार कलली, गुरं परतली तरी झोप चालूच. खालच्या वाडीनं टाळ्या वाजवल्या. सर जागे झाले, हसले, उठले आणि त्यांची टोपी ओली लागली. वर पाहिलं. टाकी गळत होती. थेंब थेंब, एकसारखा. त्या गारव्यानं त्यांना झोप लागली होती.

मला वाटलं, सर याकडं कानाडोळा करतील. कुणालाही तसंच वाटलं असतं. सर बराच वेळ त्या थेंबांकडं बघत राहिले, मग म्हणाले, "टाकी पूर्वजांच्या वेळी नव्हती. ही झोप रद्द." खालच्या वाडीतला एक जण अक्षरशः कपाळाला हात लावून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सर मला म्हणाले, "आपण चुकलो. माणसं कुठं राहतात ते बघत बसलो. जनावरं कुठं बसतात ते बघायला पाहिजे. त्यांना मानपान नसतो." आणि ते भिवाआबांच्या शेळ्यांच्या मागं निघाले. पुढं शेळ्या, मागं खुर्ची घेतलेले सर, त्यांच्यामागं टाय लावलेला मी. शेळ्या ओढ्याच्या वळणानं वर गेल्या, एका कड्याच्या पोटात शिरल्या आणि गपचूप बसल्या. आत कड्याचं छप्पर, पुढं उंबराचं झाड, कोपऱ्यात करंगळीएवढी पाण्याची धार. बाहेर आग पडलेली, आत मात्र माठातल्यासारखं गार. सरांनी पाचोळ्यात खुर्ची मांडली आणि पाठ टेकताच घोरायला लागले. मीही झोपलो. तशी झोप मला नंतर कधी लागली नाही. दोन वानरं येऊन सरांची केळी खाऊन गेली, तेही आम्हाला नंतर सालीवरून कळलं.

जाग आली ती धाडकन आवाजानं. खुर्चीचा एक पाय पाचोळ्यातून खाली गेला होता आणि सर शेळ्यांमध्ये आडवे. मी त्यांना उचलायला धावलो, पण ते उठेनात. आडवे पडूनच त्यांनी पाचोळा बाजूला केला. खाली कातळात कोरलेलं उखळ. शेजारी आणखी एक. सरांनी आत हात घातला आणि काढेनात. मग माझा हात धरून आत घातला. आतून तुळतुळीत होतं. कुणीतरी इथं बसून वर्षानुवर्षं धान्य कांडलं होतं.

संध्याकाळी भिवाआबांना आणून दाखवलं. "आमचं नाय. आमचे पूर्वज मेंढरामागं हिंडायचे, दगड कोरत बसायला टाइम कुणाला?" खालच्या वाडीतल्या म्हाताऱ्यांना आणलं. "आमचं नाय." सरांना कुणी विचारलं नाही, तेच म्हणाले, "आमचंही नाही. आमच्या घरात कधी कुणी कांडलं नाही. कांडलेलं आणून देत." म्हातारे वाकून वाकून उखळात बघत राहिले. शेळ्या मागं रवंथ करत होत्या.

निकालाला मारुतीपुढं दोन्ही वाड्या लोटल्या. सर उभे राहिले. नेहमी ते वर्गात बोलल्यासारखे हात हलवत बोलायचे, त्या दिवशी हात मागं बांधलेले.

"खोऱ्यातल्या सगळ्यात चांगल्या जागेत कुणीतरी राहून गेलंय," ते म्हणाले. "ते कोण, कुठून आले, कुठं गेले, मला सांगता येणार नाही. आपल्यातलं कुणीही पहिलं नाही. त्यांच्यानंतर वरची वाडी आली की खालची, यावर मी बोलणार नाही. पुरण, पंखे आणि शेळ्या वजा केल्या, तर दोघांकडंही झोप सारखीच लागते. एवढं मात्र नक्की सांगतो. टाकीची जागा खोऱ्यातली सगळ्यात वाईट जागा आहे. खाली खडक, पाणी नाही, झाड नाही. ती सगळ्यात शेवटी आलेल्याला मिळालेली आहे. आणि ते बरोबरच आहे. माणसं येतात, शेतं करतात, मग बांधावरून भांडतात. भांडण लागल्याशिवाय कारकून लागत नाही. आम्ही शेवटी आलो. मान कसा काय आमच्याकडं आला, हेही उघड आहे. लिहिणारे आम्हीच होतो."

खालची वाडी उसळली. "पुरणपोळ्या आमच्या हाणल्या आन् असं सांगता व्हय, मास्तर?" एकानं टेबलफॅनच्या लाईटबिलाचा विषय काढला. सर खाली मान घालून उभे. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी उगाच मोटारसायकलचा आरसा पुसत बसलो.

मग मान कुणाचा? भिवाआबा म्हणाले, "ज्यानं उखळ कोरलं त्याचा. दुसऱ्या कुणाचा नाय."

"ते कुठं हायेत आबा?"

"नसू द्या. जागा सोडायची."

त्या वर्षी पोळ्याला एकच तोरण लागलं. काकूही आल्या होत्या. दोन्ही वाड्यांचे बैल एका रांगेत, शिंगांना बेगडं, पाठीवर झुली. डफडी थांबली. सगळे तोरणाच्या अलीकडं उभे, आणि तोरणाखाली कुणीच नाही. जे आधी आले होते ते जाऊ देत, म्हणून सगळी थांबलेली. पोरंसोरंसुद्धा गप्प झाली. तेवढ्यात कुणाचा तरी मोबाईल वाजला, आणि त्या आवाजानं बिचकून आबांची एक शेळी गर्दीतून सुटली ती थेट तोरणाखालून पलीकडं. जाताना दोन पानं ओरबाडून.

"आबाची शेळी गेली!" खालच्या वाडीतून आरोळी. "म्हंजी मान वरच्या वाडीनं घेतला!" काठ्या वर झाल्या. सर धावत मध्ये पडले आणि ओरडले, "शेळी वाडीची नसते! शेळी जागेची असते!" याचा अर्थ कुणालाच कळला नाही, पण कळला नाही हे कबूल करायची कुणाचीच तयारी नव्हती, म्हणून सगळे शांत झाले. मग बैल निघाले. एक जोडी वरची, एक खालची, शिंगाला शिंग लागेल इतके दाटून.

सगळ्यात शेवटी सर निघाले, मातीच्या जोडीचं ताट घेऊन. पुढं चला म्हणून लोकांनी आग्रह केला, पण त्यांनी ऐकलं नाही. शेवटी आलो तर शेवटी जाणार. तोरणाखालून जाताना त्यांनी टोपी काढली.

मारुतीला फेरी झाली की बैल आपापल्या दारात जातात. घरची बाई त्यांच्या पायांवर पाणी घालते, ओवाळते, पोळीचा घास भरवते. ज्या दारात पाय धुतले, बैल त्या घरचा. दोन्ही वाड्यांकडं बैल पांगले. मारुतीपुढं मी, काकू, आणि ताट घेतलेले सर राहिलो. त्यांना जायला दार नव्हतं. टाकी होती. ते मला म्हणाले, "चला. घाटात अंधार होईल." तिथं घाट नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं!

भिवाआबांच्या दारातून गयाआजीनं हाक मारली. "ओ मास्तर! ती जोडी घेऊन कुठं निघालाव? आना इकडं."

सर गेले. आम्ही मागं. आजीनं ताट घेतलं, मातीचे बैल खिल्लारींच्या शेजारी ओट्यावर ठेवले, आणि तांब्या उचलून सरांना म्हणाली, "पाय म्होरं करा."

"अहो, मी बैल नाही."

"ते दिसतंय. बैल इतकं भांडत नाय. म्होरं करा म्हन्ते ना!"

सरांनी चप्पल काढून पाय पुढं केले. आजीनं दोन्ही पायांवर पाणी घातलं, हळद लावली, निरांजनानं ओवाळलं आणि पोळीचा मोठा घास त्यांच्या तोंडात कोंबला. सरांचे डोळे वाहायला लागले. काकूंनी पदर तोंडाला लावला. आजी मात्र खिल्लारींना घास देता देता, सरांकडं न बघताच म्हणाली, "फुडल्या सालाला मान मागायला यायचं नाय. नुसतं यायचं. ऐकू आलं का?"

कुठल्याही प्रश्नाला किमान तीन नद्यांचं उत्तर देणारे सर तोंडातला घास गिळेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "व्हय."